बिदरची चांदी, केबलची चांदी!

‘अण्णा, सी टाइप द्या की!’ बिदर जिल्ह्यातल्या हुलसूरच्या बाजारात कुणी केबल अशी मराठीत मागतं, कुणी ‘केबल बेकु’ म्हणतं, कुणी दखनीत ‘केबल होना’. वायर तीच. आता ती हातभर वायर समोर ठेवा आणि पुढचं वाचा. वाचून झाल्यावर तुम्ही ती गुंडाळून ड्रॉवरमध्ये कोंबणार नाही, एवढी खात्री!

माहीत आहे का, फोर-के स्क्रीनची भूक किती असते? त्यावर ३८४० उभ्या आणि २१६० आडव्या रांगांत ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला रंगाचे २४ बिट. आणि हे सगळं चित्र सेकंदाला ६० वेळा नव्यानं पाठवायचं. करा गुणाकार! जवळजवळ १२०० कोटी बिट, तेही दर सेकंदाला. पडद्यावर काही हलत नसलं, नुसता गणपतीचा फोटो लावून ठेवला असला, तरी हा रतीब चुकत नाही.

आता जरा मागे. १९९६ साली पहिली यूएसबी आली तेव्हा तिची कमाल धाव होती सेकंदाला १ कोटी २० लाख बिट. म्हणजे आजच्या एका स्क्रीनला तेव्हाच्या हजार यूएसबी लागल्या असत्या. टेबलाखाली केवढा गुंता!

वरच्यावर चांदी

बिदरची शान कोणती? बिदरी! जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, त्यावर नक्षी कोरतात आणि कोरलेल्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात. मग बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराच्या पाण्यात मिसळून चोळली की जस्ताचं अंग काळंभोर होतं. चांदीला मात्र डाग लागत नाही, ती लखलखत राहते. एवढं तर इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं.

पण हे माहीत आहे का? अनेक उत्तम हाय-स्पीड केबलींमध्येही तांब्यावर चांदीचा मुलामा असतो! आणि तो दिखाव्यासाठी नाही. वीज वाहून नेण्यात सगळ्या धातूंमध्ये चांदी पहिली, तांबं दुसरं. फरक पाच-सहा टक्क्यांचाच. मग एवढ्यासाठी चांदी कशाला घालायची?

इथेच गंमत आहे. घरातल्या बल्बची वीज तारेच्या पोटातून, सगळ्या जाडीतून वाहते. पण सिग्नल जसजसा वेगवान होतो तसतसा तो तारेचं पोट सोडून कातडीवर येतो. सेकंदाला एक हजार कोटी वेळा झुलणारा, म्हणजे १० गिगाहर्ट्झचा सिग्नल तांब्याच्या तारेत जेमतेम पाऊण मायक्रॉनपेक्षाही कमी खोल शिरतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आतलं सगळं तांबं त्या सिग्नलच्या दृष्टीनं रिकामंच. मग चांदी आतपर्यंत भरून पैसे कशाला घालवायचे? कातडीपुरती लावा, काम फत्ते! बिदरच्या कारागिरानं चांदी वर का ठेवली, तर डोळ्यांना दिसावी म्हणून. केबलवाल्यानं वर का ठेवली, तर सिग्नलला मिळावी म्हणून. कारणं वेगळी, जागा एकच. आपल्या जिल्ह्याचं नाव सांगताना ही गोष्ट पाहुण्यांना जरूर ऐकवा.

सेंटिमीटरमागे एक

थंडरबोल्ट ही इंटेलची वेगवान केबल घ्या, सेकंदाला ४० गिगाबिटची. आत दोन लेन, प्रत्येकीवर २० गिगाबिट. माहीत आहे का, त्या वायरीत एक बिट किती लांबीचा असतो? मोजपट्टी काढा. साधारण १ सेंटिमीटर! सिग्नल वायरीतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर पळतो आणि एका बिटाला मिळतात फक्त ५० पिकोसेकंद. म्हणजे पहिला बिट जेमतेम सेंटिमीटरभर पुढे सरकतो न सरकतो तोच मागून दुसरा हजर. दोन मीटरच्या केबलमध्ये कुठल्याही क्षणी एका लेनवर सुमारे दोनशे बिट रस्त्यातच असतात. निघाले, पण पोचले नाहीत!

अमेरिकी नौदलातल्या ग्रेस हॉपर बाई भाषणाला जाताना तारेचे तुकडे घेऊन जात. प्रत्येक तुकडा जवळजवळ ३० सेंटिमीटरचा. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर कापू शकते, हे त्या हातात तार देऊन समजावत. आजच्या थंडरबोल्टला त्या तुकड्याएवढा वेळ दिला तर एका लेनवरून २० बिट सुटतात.

शोध बडोद्याचा

यूएसबीचे जनक कोण? अजय भट्ट. शिकले कुठे? बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात! आणि ज्यांचं नाव त्या विद्यापीठाला आहे ते सयाजीराव गायकवाड मूळचे कुठले, माहीत आहे का? मालेगावजवळच्या कवळाण्याचे. दत्तक जाण्याआधीचं नाव गोपाळराव. तेव्हा जगातल्या प्रत्येक पेनड्राइव्हचा धागा थोडा नाशिक जिल्ह्यालाही पोचतो, असं आपण अभिमानानं म्हणू शकतो.

भट्ट इंटेलमध्ये होते. घरी साधा प्रिंटर जोडायचा तरी घरच्यांची दमछाक व्हायची, ते पाहून त्यांना वाटलं की हे भिंतीतल्या प्लगाइतकं सोपं झालं पाहिजे. तेव्हा कीबोर्डला एक भोक, माऊसला दुसरं, प्रिंटरला २५ पिनांचं भलं मोठं तिसरं. जोडलं की कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा. भट्ट आणि त्यांच्या टीमनं हे सगळं एका चपट्या तोंडात आणलं. इंटेलनं त्यावर रॉयल्टी लावली नाही, म्हणून ते जगभर पसरलं. २०१३ साली या टीमला युरोपियन इन्व्हेंटर अवॉर्डही मिळालं.

आणि हा खास तुकडा: २००९ मध्ये इंटेलनं टीव्हीवर जाहिरात केली. ऑफिसात अजय भट्ट रॉकस्टारसारखे ऐटीत येतात आणि सगळे वेडे होतात. पण पडद्यावर भट्ट नव्हतेच! त्यांच्या भूमिकेत होते अभिनेते सुनील नारकर. आडनाव वाचून कान टवकारले ना?

यूएसबीची पिन पहिल्या फटक्यात का बसत नाही? कारण ती एकाच बाजूनं जाते. दोन्ही बाजूंनी चालणारी करायची तर तारा आणि सर्किट दुप्पट, खर्चही दुप्पट. नव्या गोष्टीला खर्च परवडणार नाही म्हणून भट्ट यांच्या टीमनं तो मोह टाळला. जगानं वीस वर्षं पिन उलटी-सुलटी केली, पण कॉम्प्युटर स्वस्तात जोडले गेले. सौदा चांगलाच होता!

जुन्या यूएसबी पिनेच्या तोंडात डोकावून पाहा. चार पट्ट्या दिसतील. नीट बघा हं, कडेच्या दोन पट्ट्या मधल्या दोघींपेक्षा पुढे आलेल्या आहेत, मिलिमीटरभर. कडेच्या विजेच्या, मधल्या डेटाच्या. त्यामुळे पिन आत जाताना आधी वीज पोचते आणि मग बोलणं सुरू होतं. चालू कॉम्प्युटरला बिनधास्त पेनड्राइव्ह लावता येतो, त्यात या मिलिमीटरचा मोठा वाटा आहे.

एका यूएसबी कंट्रोलरवर हब लावत लावत किती उपकरणं जोडता येतात? नियमानुसार, हब धरून, १२७!

आणि फजितीचा विक्रम? एप्रिल १९९८, शिकागो. बिल गेट्स मंचावर, विंडोज ९८ चं जाहीर प्रात्यक्षिक. सहकाऱ्यानं यूएसबी स्कॅनरची पिन लावली आणि भल्या मोठ्या पडद्यावर झळकला निळा स्क्रीन, सगळ्या जगासमोर. विंडोज ९८ तरीही त्याच वर्षी बाजारात आलं आणि घराघरात पोचलं.

पहाणीचा दुसरा स्क्रीन

आता घराजवळ येऊ. एका कॉम्प्युटरला दोन स्क्रीन लावणं ही शेअर बाजारवाल्यांची किंवा गेमर पोरांची फॅशन, असं वाटतं ना? कर्नाटकातल्या शेतकऱ्यासमोर तो थाट पंचवीस वर्षांपूर्वीच आला!

२००० च्या सुमारास ‘भूमी’ योजनेत राज्यातल्या सुमारे २ कोटी जमीन-नोंदी संगणकावर चढल्या. तालुक्याला खिडकी, १५ रुपये फी आणि हातात पहाणीची छापील प्रत. (सीमेपलीकडच्या निलंग्याच्या पाहुण्यांसाठी: पहाणी म्हणजे तुमचा सातबारा. १९५६ पर्यंत निलंगा, उदगीर, अहमदपूर हे बिदर जिल्ह्यातच होते, म्हणून पाहुणे म्हटलं तरी घरचेच.) हुलसूर तेव्हा बसवकल्याण तालुक्यात, त्यामुळे फेरी बसवकल्याणची.

आता त्या खिडकीकडे नीट पाहा. काचेआड ऑपरेटर, त्याच्यापुढे त्याचा स्क्रीन. आणि दुसरा स्क्रीन चक्क बाहेर उभ्या शेतकऱ्याकडे तोंड करून! ऑपरेटर कुठला सर्वे नंबर उघडतोय, नाव काय दिसतंय, क्षेत्र किती, हे रांगेतल्या माणसाला त्याच क्षणी दिसतं. एक जादा केबल, एक जादा मॉनिटर, बस्स! ज्या कागदासाठी आधी तलाठ्याचं दप्तर कधी उघडेल याची वाट पाहावी लागायची, तो कागद डोळ्यांसमोर तयार होऊ लागला. नोंदीत बदल करायचा तर कर्मचाऱ्यालाही मशीनवर बोट टेकवून ओळख पटवावी लागे, म्हणजे पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळं होण्याची सोय नाही. जगातल्या सगळ्या डिस्प्ले केबलींमध्ये सगळ्यात मोलाची कुठली असं कुणी विचारलं, तर माझं मत या दुसऱ्या स्क्रीनच्या केबलीला!

माहीत आहे का, उसाचं वजन कुठल्या वायरीतून जातं? सीझनमध्ये ट्रॅक्टर-ट्रॉली काट्यावर चढते, लाल आकडे धावत धावत थांबतात आणि आतल्या खोलीत डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कर्रर्र करत पावती काढतो. काट्यापासून कॉम्प्युटरपर्यंत तो आकडा नेणारी वायर बहुतेक ठिकाणी आरएस-२३२ ची, कडेला दोन स्क्रूवाली, नऊ पिनांची. हे मानक निघालं १९६० साली! मधल्या काळात यूएसबीच्या चार पिढ्या आल्या, लॅपटॉपवरून नऊ पिनांचं भोकच गायब झालं, तरी काटा काही बदलत नाही. कन्व्हर्टर लावतात आणि काम चालू. वजनाच्या आकड्याला वेग नको असतो, खात्री हवी असते. सेकंदाला काही हजार बिट पुरेत. म्हाताऱ्या वायरीला मानाचा मुजरा!

आणि मतदान? ईव्हीएम म्हणजे दोन डबे. एक केंद्राध्यक्षापाशी, दुसरा पुठ्ठ्याच्या आडोशामागे. दोघांमध्ये ५ मीटरची केबल. आता जोडीला व्हीव्हीपॅटचा प्रिंटर आला. त्याची चिठ्ठी काचेआड ७ सेकंद दिसते आणि पेटीत पडते. ही यंत्रं बनवणाऱ्या दोनच सरकारी कंपन्या: बंगळुरूची बीईएल आणि हैदराबादची ईसीआयएल.

इथला विक्रमही शेजारचाच. २०१९ च्या लोकसभेला तेलंगणातल्या निजामाबादेत उमेदवार किती? १८५! एका बॅलट युनिटवर मावतात १६ नावं. म्हणून प्रत्येक केंद्रावर १२ युनिटं एकाला एक केबलनं जोडली गेली. अशा माळेला कॉम्प्युटरवाले डेझी चेन म्हणतात. थंडरबोल्टच्या एका पोर्टवर अशी सहा उपकरणं माळेत लावता येतात. निजामाबादेनं दुप्पट लावून दाखवली!

एक ‘क’, दोन लिप्या

दोन भाषांच्या गावात कीबोर्डही दोन लागतात का? मुळीच नाही! इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ‘के’चं बटण दाबा. मराठी निवडलं असेल तर देवनागरीतला क उमटेल, कन्नड निवडलं असेल तर कन्नडमधला क. ‘एच’वर दोन्हीकडे प, ‘एल’वर दोन्हीकडे त. बोटांनी एकदा जागा पाठ केल्या की मराठी शाळेतली बाई आणि कन्नड शाळेतले सर एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीनं टायपिंग करू शकतात. हुलसूरच्या पोरांना यापेक्षा फायद्याचा क्लास कुठला?

या कामामागे आयआयटी कानपूर आणि पुण्याची सी-डॅक ही संगणक संस्था. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्या स्क्रीनवर उमटवण्यासाठी चक्क एक कार्ड बनवलं, जिस्ट कार्ड. कॉम्प्युटरचं झाकण उघडायचं, मदरबोर्डवरच्या खाचेत कार्ड बसवायचं, की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी आणि कन्नड अक्षरं दिसायला लागत. आज फोनमध्ये मराठी आपोआप येतं. तेव्हा मराठी हे खाचेत बसवायचं हार्डवेअर होतं!

पुणे, मुंबई आणि खोडद

सी-डॅकचाच दुसरा पराक्रम. अमेरिकेनं क्रे सुपरकॉम्प्युटर नाकारला, मग अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर आणि त्यांच्या टीमनं १९९१ साली परम ८००० उभा केला. त्यातली युक्ती काय? एक राक्षसी मेंदू नाही, तर ट्रान्सप्युटर नावाच्या चिपा केबलींनी एकमेकींना जोडलेल्या. प्रत्येक चिपला बोलायला चार दारं आणि प्रत्येक दाराची धाव सेकंदाला २० मेगाबिट. आता वर जाऊन पहिल्या यूएसबीचा आकडा पाहा: १२ मेगाबिट. म्हणजे पुण्यातल्या या मशीनच्या आतल्या वायरी पाच वर्षांनी आलेल्या यूएसबीपेक्षा वेगवान होत्या. टाळ्या!

भारतातला पहिला कॉम्प्युटर डिस्प्ले कुठे असेल बरं? मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतला टिफ्रॅक बघा. १९६० मध्ये कामाला लागलेल्या या देशी कॉम्प्युटरमध्ये २७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि आकृत्या, अक्षरं दाखवायला चित्रनळीचा पडदाही होता. गावात टीव्ही यायच्या कितीतरी आधी मुंबईत कॉम्प्युटर पडद्यावर आलेख काढत होता. नाव ठेवलं कुणी? १९६२ मध्ये, पंडित नेहरूंनी.

टिफ्रॅकची मेमरी होती फेराइटच्या इवल्या कड्यांची. हेच फेराइट तुमच्या घरीही आहे! निळ्या व्हीजीए केबलच्या टोकाजवळ प्लास्टिकची जाड गाठ असते ना, तिच्या आत फेराइटचं कडं. वायरीवर चढलेला वेगवान गोंगाट ते शोषून घेतं, नाहीतर वायरच अँटेना बनून शेजारच्या रेडिओला खरखर करायला लावेल. व्हीजीए आली १९८७ साली, आयबीएमकडून, १५ पिना घेऊन. शाळांमधल्या प्रोजेक्टरमागे अजून ठाण मांडून आहे.

सगळ्यात भव्य ‘पेरिफेरल’ पाहायचं तर नारायणगावजवळ खोडदला जा. जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांचं स्वप्न. प्रत्येक तबकडीपासून मध्यवर्ती इमारतीपर्यंत ऑप्टिकल फायबर आणि तिथे सगळ्यांचे सिग्नल एकत्र जुळवणारे कॉम्प्युटर. द्राक्षांच्या मळ्यांमधून जमिनीखालून आकाशगंगा धावतेय!

माहीत आहे का, मुंबईचा समुद्र केबलला कधी पहिल्यांदा भेटला? १८७० साली. तेव्हाचं जगातलं सगळ्यात मोठं जहाज ग्रेट ईस्टर्न मुंबईहून एडनकडे तार अंथरत निघालं. तारेवर वेष्टण होतं गटापर्चाचं, म्हणजे झाडाच्या चिकाचं. लंडनचा निरोप जहाजानं यायला आठवडे लागत, तो मिनिटांत येऊ लागला. पुढे मुंबईला स्पर्शून गेलेली सी-मी-वी ३ ही केबल ३९,००० किलोमीटरची होती. पृथ्वीचा घेर ४०,०००!

नाव विजेचं, खबरदारी विजेची

थंडरबोल्टचं बारशापूर्वीचं नाव लाइट पीक. इंटेलला त्यात तांबं नकोच होतं, प्रकाश हवा होता. पण तांब्यातूनच एवढा वेग निघाला की २०११ साली ती तांब्याची होऊनच बाजारात आली. त्या पहिल्या केबलीची किंमत ४९ डॉलर! लोक चक्रावले. मग उपकरणं उघडून दाखवणाऱ्या आयफिक्सिटवाल्यांनी तिचं टोक कापून पाहिलं तर आत डझनभर चिपा. दोन्ही टोकांना कॉम्प्युटरच बसलेला म्हणा ना. वाटेत थकलेला सिग्नल पुन्हा ताजातवाना करणं हे त्या चिपांचं काम. पुढे २०१५ मध्ये ४० गिगाबिट आणि सी टाइप तोंड, २०२३ मध्ये जाहीर झालेल्या थंडरबोल्ट ५ ला ८० गिगाबिट, आणि फक्त स्क्रीनकडे जोर लावायचा असेल तर १२०.

पण खऱ्या विजेचं काय? मृगाचे ढग भालकी-हुलसूरवर गडगडू लागले की हे लक्षात ठेवा: एचडीएमआयच्या तारेत सिग्नल अर्ध्या व्होल्टनं खाली-वर होतो. अर्धा व्होल्ट! जवळपास वीज पडली की छतावरच्या डिशच्या लांब वायरीत हजारो व्होल्ट उसळू शकतात. तिथून सेट-टॉप बॉक्स, तिथून एचडीएमआय, तिथून टीव्ही. नुसतं बटण बंद करून भागत नाही. कडाडायला लागण्याआधी डिशची, लॅनची आणि एचडीएमआयची केबल काढून ठेवा. ढग डोक्यावर आले असतील तर मात्र वायरीला हातही लावू नका.

लग्नघरचे १०० जीबी

जुन्या व्हिडिओ शूटिंगवाल्यांना विचारा, फायरवायर म्हणताच चेहरा खुलेल. मिनी-डीव्ही कॅसेट, कॅमेऱ्यातून निघणारी चार पिनांची बारीक केबल आणि कॉम्प्युटरमध्ये बसवलेलं कार्ड. तासाभराची कॅसेट उतरवायला बरोब्बर तासच! हळद एक तास, अक्षता एक तास, वरात दोन तास. तासाला सुमारे १३ जीबी. हार्ड डिस्क भरली की मिक्सिंगवाला जुनी लग्नं पुसायला बसायचा.

आज एका लग्नाचं शूटिंग सहज १०० जीबी होतं. आता खरा धक्का. तुमच्यापुढे दोन सी टाइप केबली आहेत. रंग सारखा, तोंड सारखं. एकीत वेग ४८० मेगाबिट, दुसरीत ४० गिगाबिट. कागदावरच्या हिशोबानं पहिलीला लागतात २८ मिनिटं. दुसरीला? २० सेकंद! डिस्कचा वेग आडवा आला तरी फरक डोळ्यांत भरेल इतका राहतोच. तोंड पाहून वेग ओळखता येत नाही, हे या सगळ्या कहाणीतलं सगळ्यात उपयोगाचं वाक्य. २०२३ च्या साध्या आयफोन १५ ला सी टाइप आलं, पण डेटाचा वेग राहिला ४८० मेगाबिटच, म्हणजे २००० सालच्या यूएसबी २ चा!

त्या सी टाइपच्या तोंडात आत्ता जरा डोकावा. रुंदी सव्वाआठ मिलिमीटर, उंची अडीचच्या आत. एवढ्याशा जागेत २४ पिना, वर १२ आणि खाली १२. उलटी लावली तरी चालते, ते कसं? त्यातल्या दोन पिना खास राखीव आहेत. केबलची एक तार त्यातल्या एकीलाच भेटते. कुठली भेटली यावरून फोन ओळखतो की पिन सुलटी आहे की उलटी, आणि आतल्या आत लेन बदलून घेतो. कंपनीच्या हिशोबानं दहा हजार वेळा लावा-काढा. जुन्या चपट्या यूएसबीला १५०० वेळांचीच हमी.

हीच वायर आता २४० वॅटपर्यंत वीजही नेते, म्हणजे दमदार लॅपटॉपसुद्धा चार्ज होतो. पण ५ अँपिअर वाहायचे तर केबलमध्ये ओळखचिप असायलाच हवी. ती चार्जरला सांगते की मी एवढा भार पेलू शकते. चिप नसेल तर शहाणा चार्जर हात आखडता घेतो. भारतीय मानक ब्युरोनं जानेवारी २०२३ मध्ये सी टाइपचं मानक काढलं. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनला सी टाइप सक्तीचं झालं.

तेव्हा पुढच्या खेपेला बसवकल्याणला, उदगीरला किंवा हुलसूरच्याच दुकानात केबल घ्याल तेव्हा किमतीआधी तिचं डोकं पाहा. विजेचं चिन्ह आणि शेजारी ३, ४ किंवा ५ असेल तर ती थंडरबोल्ट. यूएसबीवर २०, ४० किंवा ८० गिगाबिट छापलेलं हवं, चार्जिंगसाठी ६० किंवा २४० वॅट. एचडीएमआय घेताना खोक्यावर ‘अल्ट्रा हाय स्पीड’चं लेबल शोधा, ती ४८ गिगाबिटची. सोन्याच्या मुलाम्याच्या पिनांना भुलू नका, त्यानं गंज टळतो, वेग वाढत नाही. ४० गिगाबिटची साधी, सिग्नल ताजा करणाऱ्या चिपा नसलेली केबल ८० सेंटिमीटरच्या आसपासच मिळते. कुणी तीन मीटरची स्वस्त वायर त्याच वेगाची म्हणून पुढे केली तर परत करा. आणि ज्या सी टाइपच्या डोक्यावर काहीच छापलेलं नाही ती चार्जिंगला ठेवा, स्क्रीनसाठी दुसरी मागा.